दाराला आतून कडी

आईला नर्स म्हणून उपकेंद्राची ऑर्डर मिळाली ती 1979 साली. यवतमाळ जिल्ह्यात, कोलाम आदिवासींच्या पोडांच्या, म्हणजे वस्त्यांच्या, मधोमध वसलेलं एक गाव. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि मागे एक संडास, ज्यात पाणी नव्हतं. पहिला पगार हातात पडायच्या आधीच आईने एक खर्च केला. दाराला बाहेरून कुलपाची सोय होती, आतून मात्र झिजलेली लाकडी खिट्टी. तिने सुताराला बोलावून लोखंडी कडी बसवून घेतली आणि दाराशेजारच्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीवर, वहीएवढी खिडकी पाडून घेतली. पैसे आजोबांकडून आणले होते. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी शासकीय इमारतीत विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल तिच्याकडे लेखी खुलासा मागितला. तो कागद तिने शेवटपर्यंत जपून ठेवला होता.

रात्री दार वाजायचं. "बाई, उठा ना जी. बायको लय तरासात हाय." कडी काढायच्या आधी आई खिडकीतून तीन गोष्टी विचारायची: कोण, कुठल्या पोडावरून आणि सोबत बाईमाणूस आहे का. नसेल तर म्हणायची, "आधी कोतवालाच्या घरच्या काकूंना उठवा. त्या आल्या की निघते." काकू कंदील घेऊन यायच्या. आम्हा दोघा भावंडांना झोपेतच उचलून त्यांच्या घरी नेलं जायचं आणि आई उकळलेली कात्री, दोरा, कापूस घेऊन काकूंच्या मागोमाग अंधारात चालू लागायची. सकाळी जाग यायची ती काकूंच्या चुलीच्या धुराने. आई परत आली की तिच्या लुगड्याला डेटॉलचा आणि ओल्या मातीचा वास असायचा.

त्या गावात आई अकरा वर्षं राहिली. गेली ती माझ्यामुळे. शाळा चौथीपर्यंतच होती आणि मला पाचवीत घालायचं होतं. ती गेल्यावर ती जागा कितीतरी दिवस रिकामी होती असं काकू सांगायच्या. गावातल्या बायका आईच्या जाण्याबद्दल हळहळायच्या, पण कोणी तिला दोष दिला नाही. खेड्यातली नर्स का टिकत नाही, यावर आजवर पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं आहे. मला मात्र नेहमी उलटा प्रश्न पडतो. जी टिकते ती कशाच्या बळावर टिकते? आईच्या बाबतीत त्याचं उत्तर एक कडी, एक खिडकी आणि कोतवालाच्या घरच्या काकू असं होतं. यातलं काहीही तिला खात्याने दिलेलं नव्हतं.

*

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हाच्या हिंदुस्थानात साधारण 43,000 माणसांमागे एक नर्स होती. समितीने गावागावापर्यंत जाणाऱ्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, त्यांच्या खाली उपकेंद्रं आली. मैदानी मुलखात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी मुलखात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र, आणि त्या उपकेंद्रात एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. 1973च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय करायचं ठरवलं आणि कागदावर ती 'आरोग्य सेविका' झाली. बाळंतपणाबरोबर हिवताप, कुष्ठरोग, कुटुंबनियोजन, सगळंच तिच्या झोळीत आलं. 1985मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि खांद्याला लसीची पेटी लागली.

त्याच काळात एक गोष्ट अशी झाली, जिने नर्स आणि गाव यांच्यात अंतर पाडलं. नसबंदीच्या केसेसचं लक्ष्य. एप्रिल 1996मध्ये केंद्र सरकारने ही लक्ष्यं काढून घेतली, पण तोवर दर मार्चला आईसारख्या हजारो बायका घरोघर हिंडत होत्या. केस मिळाली नाही तर पगार अडायचा. आई सांगायची, "मार्च महिन्यात पोडावर गेलं की बायका मला बघून घरात जायच्या. तीच मी, आणि त्याच बायका." ज्या दारांवर विश्वासाने जायचं, तीच दारं वरून आलेल्या आकड्यापायी तिच्यासाठी बंद होत होती. नर्स खेड्यात का रमत नाही याची कारणं मोजताना हे कारण फारसं कोणी मोजत नाही. मला ते मोठं वाटतं. पाण्याशिवाय माणूस काही दिवस काढेल, पण गाव आपल्याला पाहून घरात जातं हे फार काळ सोसवत नाही.

*

हा प्रश्न एकट्या यवतमाळचा किंवा गडचिरोलीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जगभरातल्या नर्सची मोजदाद मांडली. जगात सुमारे 2 कोटी 79 लाख नर्स आणि 59 लाखांची तूट. या तुटीचा 89 टक्के वाटा गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतला. तेव्हा दर आठ नर्सपैकी एक आपल्या जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करत होती. म्हणजे खेड्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून महानगराला आणि महानगरातून आखाताला किंवा इंग्लंडला, असा हा प्रवाह वाहतो आणि सगळ्यात वरचं गाव आधी कोरडं पडतं.

आफ्रिकेतल्या मलावीत एड्सच्या साथीच्या काळात नर्स इतक्या वेगाने देश सोडत होत्या की दवाखान्यांचे विभाग चालवणं अवघड झालं. 2004पासून तिथल्या सरकारने परदेशी मदतीतून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात 52 टक्क्यांची भर घातली, शिक्षणाच्या जागा वाढवल्या. 2009पर्यंत कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली आणि देश सोडून जाणं कमी झालं. पैसा लागतोच, हे मलावीने दाखवलं. त्यागाच्या गोष्टी सांगून नर्सना खेड्यात पाठवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

थायलंडने वेगळी वाट धरली. 1982 ते 1986 या पाच वर्षांत शहरी रुग्णालयांच्या नव्या बांधकामांना आळा घालून तो पैसा तालुक्यांच्या आणि खेड्यांच्या दवाखान्यांकडे वळवला. आरोग्य मंत्रालयाने प्रांताप्रांतांत स्वतःची नर्सिंग कॉलेजं चालवली, खेड्यातल्या मुली तिथे घेतल्या आणि शिकून झाल्यावर त्यांना आपापल्या मुलखात नेमलं. मुलगी परत आली तेव्हा तिच्यासाठी बांधलेला दवाखाना होता, साहित्य होतं, वरिष्ठ होते आणि आईवडील जवळ होते. 2010मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यात ग्रामीण पार्श्वभूमीच्या मुली-मुलांना प्रवेश, शहराबाहेर कॉलेजं, राहण्याची बरी सोय आणि सुरक्षित जागा या गोष्टी आहेत. वाचताना मला कोतवालाच्या काकू आठवल्या. सोबत आणि शेजार ही गरज आई 1979मध्ये ओळखून होती.

*

मे महिन्याच्या अखेरीस मी गडचिरोलीत गेले. आलापल्लीहून भामरागडचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. हेमलकसा मागे पडलं की पर्लकोटा नदी येते. पावसाळ्यात या नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे विदर्भातली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. मला जायचं होतं ते त्याच्याही पुढच्या एका उपकेंद्रात. गावाचं आणि तिथल्या सिस्टरचं नाव लिहीत नाही. नोकरी तिची आहे.

सिस्टर चंद्रपूर जिल्ह्यातल्या. वय पस्तिशीचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी एएनएम म्हणून आठ वर्षं झाली. नवरा नागपूरला खासगी नोकरीत, मुलगी माहेरी आजीजवळ, दुसरीत. मी पोचले तेव्हा त्या ओट्यावर बसून लसीच्या पेटीतले बर्फाचे पॅक हाताने चाचपत होत्या. फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच पेटीत टाकला तर लस गोठून वाया जाते. पॅक थोडा सुटू द्यावा लागतो, हलवला की आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. त्यांनी एक पॅक माझ्या कानाशी हलवला. "आला आवाज? आता भरायचं." लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे आणि बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून दुचाकीवर पेटी आणायची, दोन पाड्यांवर सत्र करायचं, आणि उरलेली लस दिवस मावळायच्या आत परत पोचवायची.

सत्रात मी त्यांच्यासोबत होते. झाडाखाली सात मुलं, त्यांच्या आया, आशाताई, अंगणवाडीताई. एका बाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून सिस्टर माडियात काहीतरी बोलल्या आणि सगळ्या बायका हसल्या. काय बोललात, म्हणून मी विचारलं. "म्हटलं, रक्त एवढं कमी की डास पण तुझ्याकडून उपाशी जाईल. गोळ्या खा." भाषा शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. शिकवलं कोणी? आशाताईंनी. शिकण्यासाठी रजा, भत्ता, पुस्तक? काही नाही.

संध्याकाळी क्वार्टर पाहिलं. छपराचं पत्र्याचं काम बरं होतं, सौर दिवा होता, नळ होता पण पाणी हातपंपाचं. मोबाइलला रेंज शाळेमागच्या टेकाडावर. रात्री अवघड बाळंतपण आलं की 108ला फोन करण्यासाठी आधी टॉर्च घेऊन त्या टेकाडावर जायचं. मी दाराकडे पाहिलं. आतून नवी कोरी कडी, तिच्याखाली आडवी घालायची लोखंडी पट्टी. "ही मीच बसवली," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी एकजण दारू पिऊन आला होता. दार ढकलत होता. सकाळी अहेरीला जाऊन वस्तू घेऊन आले. साडेसातशे रुपये गेले."

मी आईच्या कडीची गोष्ट त्यांना सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "कधीची गोष्ट?" 1979, म्हटलं. "मग माझ्या जन्माच्या आधीची की हो."

*

आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट 2002मध्ये निर्णय काढला. एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता. मात्र हा भत्ता जास्तीत जास्त 1,500 रुपये. हेतू चांगला होता. पण पगार वाढत जातात आणि कमाल मर्यादा तिथेच राहते, तेव्हा भत्त्यातली ओढ उरत नाही. आणि कंत्राटी सिस्टर, जिची ऑर्डर अकरा-अकरा महिन्यांची, ती या चौकटीच्या बाहेरच.

त्यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट मुख्यालयाची. कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावीच राहावं ही अट, आणि राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव. गावाच्या हक्काच्या दृष्टीने मला ही अट रास्त वाटते. रात्री नर्स गावात नसेल तर उपकेंद्राचा काय उपयोग? पण क्वार्टर पडकं असेल, गावात भाड्याची खोली नसेल, तर बाई राहणार कुठे? मग ठराव होतो, सही होते, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की बाई तालुक्याहून येऊन जाऊन करते. प्रामाणिक बाईलाही खोट्या कागदावर जगायला लावायचं, हे मला फार वाईट वाटतं. ज्यांची वरपर्यंत ओळख आहे त्यांची गोष्ट वेगळी: नेमणूक दुर्गम केंद्रात, प्रतिनियुक्ती तालुक्याच्या गावी. जागा भरलेली दिसते, खुर्ची रिकामी असते आणि त्या खुर्चीचं काम शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरवर येतं.

कामही आता सुईदोऱ्याचं राहिलेलं नाही. एकच गरोदर बाई माता-बाल संरक्षण कार्डावर, रजिस्टरमध्ये, टॅबवर आणि पोर्टलवर नोंदवायची. टेकाडावर बसून सिस्टर रात्री नोंदी चढवतात. "दिवसा बाई बघते, रात्री तीच बाई मोबाइलमध्ये भरते," असं त्या म्हणाल्या.

2023च्या हिवाळ्याच्या तोंडावर राज्यातले कंत्राटी आरोग्य कर्मचारी संपावर गेले. मार्च 2024मध्ये दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. तो अमलात यावा म्हणून 2025च्या ऑगस्टमध्ये पुन्हा संप करावा लागला. संपाच्या दिवसांत गावांचे हाल होतात, हे खरं. पण आठ-दहा वर्षं दरवर्षी नव्या ऑर्डरची वाट पाहणारी बाई गावात मुळं कशी रोवणार? ती कर्ज काढून घर बांधू शकत नाही, मुलीला जवळ आणावं की नाही ठरवू शकत नाही. गावाशी नातं जोडायला भविष्य लागतं आणि तिचं भविष्य अकरा महिन्यांचं आहे.

*

उपाय महाराष्ट्राला ठाऊक नाहीत असं नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970पासून गावातल्याच बायकांना, त्यात कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. 1999मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं आणि हेच काम पुढे देशभरातल्या आशांच्या शिक्षणात आलं. गावातली बाई हा आधार किती भक्कम असतो हे यातून सिद्ध झालं आहे. माझी काळजी वेगळी आहे. गावातली बाई मिळते म्हणून तिला कमी पैशांत राबवून घ्यायचं आणि प्रशिक्षित नर्सची जागा रिकामीच ठेवायची, हा अर्थ यातून काढला जातो. तो अन्याय आहे. आशाताईला रक्तदाब कळतो, पण रात्री अंगावरून रक्त जायला लागलं तर सलाईन लावायला नर्सच लागते.

म्हणून मला आशा वाटते ती तिथल्याच मुलींनी नर्स होऊन, कायम नोकरीत येण्याची. राज्यपालांच्या जून 2014च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली आणि त्या यादीत एएनएम आहे. थायलंडच्या वाटेवरचं हे आपलं पाऊल होतं. पुढे भरती न्यायालयात अडकली. 2024मध्ये निवड झालेल्या मुलामुलींना नेमणुकीसाठी आंदोलनाला बसावं लागलं आणि शेवटी त्यांना मानधनावर तात्पुरतं घेण्याचा निर्णय झाला. स्थानिक मुलगी मिळाली, शिकली, निवडली गेली. कायम ऑर्डर तेवढी मिळाली नाही.

अशीच एक माडिया मुलगी मला त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटली. आश्रमशाळेत शिकलेली, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वर्षांचा एएनएम कोर्स केलेली. तिच्यासोबतच्या मैत्रिणी पुण्याला आणि नागपूरला खासगी रुग्णालयांत गेल्या. ती का थांबली? "आई इथे आहे," एवढंच तिने सांगितलं. पण तिच्या कामात जे दिसलं ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही. एका गावात नोंदणी झालेली गरोदर बाई तपासणीच्या दिवशी आली नाही. बाहेरून आलेल्या सिस्टरने रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहिलं असतं. ही मुलगी सरळ गावाबाहेरच्या कुर्म्याकडे गेली, जिथे पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं राहावं लागतं. बहिणीला पाळी आलेली, तिच्या सोबतीला ती बाई तिथे जाऊन बसली होती. मुलीने तिथेच कुडाला टेकून तिचा रक्तदाब घेतला. तिला कोणी काही म्हटलं नाही, कारण ती तिथली होती.

तिथली असण्याचा त्रासही ती सांगते. नात्यातली माणसं रात्री-अपरात्री हक्काने येतात, रागावतात. पुजाऱ्याचा शब्द मोडून बाळंतीण दवाखान्यात आणली की तिच्या वडिलांना गावात ऐकावं लागतं. बाहेरून आलेल्या सिस्टरला बदलीचा अर्ज करता येतो. हिला जायचं तर आईला सोडून जावं लागेल. म्हणून स्थानिक मुलगी नेमली की प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. तिच्याही दाराला कडी हवी, तिच्याही पाठीशी फोन उचलणारा डॉक्टर हवा, तिलाही वर चढायची शिडी हवी: एएनएमची जीएनएम होता आलं पाहिजे आणि शिकून पुन्हा इथेच, वरच्या पदावर येता आलं पाहिजे. वीस वर्षं उपकेंद्र सांभाळलेल्या बाईच्या वर काल आलेला कोणीतरी अधिकारी म्हणून बसतो आणि तिच्या अनुभवाला कागदावर जागा नसते, हे चित्र बदललं नाही तर हुशार मुलगी थांबेलच कशी?

*

निघायच्या दिवशी सकाळी सिस्टर पावसाळ्याची यादी करत बसल्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायका: नऊ. नाले भरायच्या आत त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचं. तिथे बाळंतपणाआधी काही दिवस राहायची आणि जेवायची सोय असते, सोबत घरचं माणूस राहू शकतं. नऊपैकी सात तयार होत्या. एकीच्या शेळ्या कोण बघणार हा प्रश्न होता. दुसरीच्या सासूला माहेरघर हा शब्दच पटत नव्हता. "माहेर म्हणजे आईचं घर, हे सरकारचं कसं?" असं ती म्हणत होती.

"शेळ्यांचं जमवते," आशाताई म्हणाल्या. "माझा पोरगा नेईल चारायला."

सिस्टरनी यादीत एका नावापुढे बरोबरची खूण केली. मग उठून डोक्याला स्कार्फ बांधला, पिशवीत रक्तदाबाचं मशीन, लोहाच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली टाकली. सासूला भेटायला जायचं होतं, चार किलोमीटर, पुढे चालत. दाराला कुलूप लावून त्यांनी किल्ली आशाताईंच्या हातात दिली.

"रात्र झाली तर या माझ्याचकडे झोपायला," आशाताई म्हणाल्या. "एकटीने नका राहू."